लेकीच्या वाटचं पित्त

प्रेमा नाईकधुरेला पित्त होतं, हे घाटकोपरच्या अख्ख्या भटवाडीला ठाऊक. आता पित्त म्हटलं की माणसाला उलट्या होतात, डोकं धरतं, घशाशी आंबट येतं. प्रेमाचं तसलं काही नाही बाई! तिचं पित्त जरा शहाणं होतं. भाकऱ्या थापताना गप्प बसायचं, नळावर भांडताना तर चुकूनही फिरकायचं नाही, आणि ती मरोळच्या बसमध्ये बसली की असल्फा गेल्यावर हळूच डोकं वर काढायचं. छातीत धाडधाड, तळव्यांना घाम, ओठांना मुंग्या. श्वास घेतला तरी पुरत नाही. आता दोन मिनिटांत आपण मेलो, कंडक्टर आपल्याला कुठल्या स्टॉपला उतरवणार, इथपर्यंत विचार जायचा. मग ती साकीनाक्याला उतरायची आणि पुढचं सगळं चालत जायची.

"मावशी, तिकीट मरोळचं काढता आणि रोज इथेच काय उतरता?" कंडक्टर विचारायचा.

"तिकीट माझं, पाय माझे. तू घंटी मार."

बोलायला वस्ताद. पण बस गेली की कुठल्याशा भिंतीला टेकून, पदराने मान पुसत उभी राहायची, आणि छाती जागेवर आली की चालायला लागायची. मरोळला एका गाळ्यात ती ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायची. केसाएवढी तांब्याची तार, जरा हात हलला की तुटते. प्रेमाचा हात तिथे हलायचा नाही. जायची-यायची वाट मात्र तिला रोज पिळून काढायची. संध्याकाळी घरी आली की पायरीवरच बसायची, चपला काढायचंही त्राण नसायचं.

नवरा धाकू. आधी गिरणीत होता, संपात गिरणी गेली, आता विद्याविहारला एका सोसायटीत वॉचमन. माणूस देवासारखा, तोंड तेवढं मिरचीसारखं.

"काय गो, आज पुन्ना चलत गेलंस?"

"पित्त झाला."

"तुझा पित्त म्हणजे गिरणीचो भोंगो. रोज टायमार वाजता. डाक्टराक दाखव मगे."

"आमसुलाचा सार घेतलंय. जातला आपसूक."

जात कसलं! वीस-बावीस वर्षं आमसुलं खाऊन बाईचे दात आंबले, पण डॉक्टरकडे ती काही गेली नाही. धाकूला वाटायचं, कंजूष आहे. शेजारच्या कमलला वाटायचं, नखरे आहेत. खरं कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

खरं कारण असं. प्रेमाची आई सोनूबाई, तिकडे मालवणात, तिच्या अंगात वारं यायचं. म्हणजे काय व्हायचं? तर छातीत धाडधाड, घाम, श्वास पुरेना, "मेलंय, मेलंय" म्हणून ओरडायची. गावाने ठरवलं, वारं आहे. मग काय, तिच्यापुढे निरांजन, हळदकुंकू, शेजारणी पाया पडायच्या आणि "माझ्या म्हशीचा दूध कित्याक आटला?" म्हणून विचारायच्या. बिचारीचा इकडे जीव जातोय आणि यांना म्हशीची चौकशी! सोनूबाईची आई, ती तर जन्मात खाडी ओलांडून पलीकडे गेली नाही. होडी बघितली की पांढरीफटक. लोक म्हणायचे, देवाने तिला हद्द घालून दिलीय. दुखणं एकच, प्रत्येकीने लुगडं वेगळं नेसवलं. प्रेमा मुंबईत आली, इथे ना ढोल ना देव, घाटकोपरात वारं आलं असं सांगायची सोय नाही, म्हणून तिच्या वाट्याला पित्त. आणि सख्खा भाऊ महादू? त्याच घरातला, त्याच आईचा. पण बोट बुडत असली तरी घोरत पडेल असा!

प्रेमाला हे सगळं लहानपणीच कळलं होतं. शिकलेली नव्हती, पण आंधळी नव्हती. सुलक्षणा झाली ती बाळंतपणाला माहेरी असताना. मुलगी झाली म्हटल्यावर घरात जराशी कुरकुर झाली. प्रेमाला तिसरीच धास्ती. पोरीची बाराव्या दिवसाची अंघोळ झाली तशी ती एकटीच, कुणाला न सांगता, गावच्या राखणदाराच्या दगडाशी गेली. खरं तर गाऱ्हाणं घालायचं ते गुरवाने, नाहीतर मानकऱ्याने. ओल्या बाळंतिणीने तिथे जायचंसुद्धा नाही. ही गेली, नारळ ठेवला, आणि म्हणाली, "बा म्हाराजा, ह्या जा काय आमच्या बायकांच्या पाठी लागलाहा, ता माझ्याकडेच रवांदे. माझ्या चेडवाक नको. मी संभाळतंय."

झालं. शब्द दिला. आता जे आपल्याकडे ठेवून घेतलंय ते डॉक्टरकडे नेऊन घालवायचं कसं? आपल्यातून गेलं तर ते जाणार कुठे? घरात दुसरी बाई कोण? तेव्हा प्रेमाने ते दुखणं असं जपलं, असं जपलं, की एखादी बाई दागिनेसुद्धा जपत नसेल. धाप लागायची, पाय लटपटायचे, पण मनात कुठेतरी हायसं वाटायचं. आलं ना? म्हणजे अजून माझ्याकडेच आहे. पोर सुटली.

पोर खरंच सुटलेली दिसत होती. सुलक्षणा म्हणजे तोंडाळ, हसरी, टायपिंग पास झालेली. अंधेरीच्या एका ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर लागली होती. घरी येऊन साहेबांच्या नकला करायची. "होल्ड ऑन प्लीज," असं नाकातून म्हणायची आणि फोन म्हणून धाकूच्या कानाला उलथनं लावायची. प्रेमा कोपऱ्यात बसून बघायची. दमलेली असायची, पण बघायची.

मग ८६ साली गाळ्यात घोटाळा झाला. बस नव्हे, गर्दी नव्हे, मशिनवर बसल्या जागी प्रेमाला आलं आणि ती स्टुलावरून खाली घसरली. सुपरवायझर घाबरला. म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही. नाइलाज झाला. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं, चार प्रश्न विचारले आणि रोज घ्यायची एक चॉकलेटी रंगाची बारकी गोळी दिली. म्हणाले, लगेच फरक पडणार नाही, सोडू नका.

प्रेमाने गोळी घेतली ती नोकरीपायी. पण महिना-दीड महिना गेला आणि एक दिवस बस साकीनाक्याला थांबली, सुटली, आणि प्रेमा आतच! तिचं तिलाच कळलं नाही. मरोळ नाका आला तेव्हा बाई खिडकीतून दुकानं बघत बसली होती. कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, पाय दुखतायत काय?" तर ही चक्क हसली. त्या रविवारी स्टेशनजवळच्या मार्केटात, ऐन गर्दीत उभं राहून तिने बटाटावडा खाल्ला. लोकांना यात काही वाटणार नाही. प्रेमाला वाटत होतं की तिला कुणीतरी नवं अंग दिलंय.

हे सुख टिकलं किती? सोळा सोमवारांचं व्रतसुद्धा पुरं झालं नसतं तेवढंच.

एका दुपारी सुलक्षणा रिक्षाने घरी आली, ऑफिसातली एक मुलगी तिला धरून. बोर्डावर बसल्या बसल्या तिला काहीतरी झालं. साहेबांनी जवळच्या दवाखान्यात नेऊन कार्डिओग्राम काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, हार्ट घोड्यासारखं आहे.

"आई, खरं सांगते, मी मेलेच होते," सुलक्षणा अंथरुणावर पडून सांगत होती. "एकदम छाती उडायला लागली. हवाच मिळेना. मला वाटलं, हातात दुसऱ्याचा फोन घेऊनच आपण जाणार."

"ओठांना मुंग्या आल्या?"

"हो! तुला कसं कळलं?"

प्रेमाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने गिळलं. "असंच विचारलं. पित्त असेल. सार देते."

सार गॅसवर ठेवलं आणि तिथेच ती भिंत धरून उभी राहिली. तिला सगळं लख्ख दिसलं. आपण गोळी घेतली, आपल्याकडचं हाकललं, ते उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेलं नाही, वळून पोरीच्या अंगावर बसलं. शब्द आपण मोडला. वडे खात होतीस ना मार्केटात? खा आता!

उरलेल्या गोळ्या तिने त्याच संध्याकाळी गटारात टाकल्या. आणि वाट बघत बसली. कुणी माहेरच्या माणसाची बघणार नाही अशी वाट! तीन-चार दिवस गेले, डोकं गरगरलं, झोप उडाली, आणि एका सकाळी बसमध्ये ते आलं. पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने आलं. प्रेमा दांडी धरून घामाने निथळत होती आणि मनात म्हणत होती, "इलंस? ये बाबा. ये. थंय जाव नको."

पण ते ऐकेना. आईकडे आलं आणि लेकीकडेही राहिलं. सुलक्षणाला दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मग तिला बसची भीती, मग ऑफिसच्या जिन्याची, मग त्या बोर्डाचीच. रजा टाकली. ऑफिसातून निरोप आला, फार दिवस जागा रिकामी ठेवता येणार नाही, दुसरी मुलगी बघू. सुलक्षणाच्या नकला बंद झाल्या. दिवसभर दाराशी बसायची, दार उघडं ठेवून.

प्रेमाने काय करावं? तिला वाटलं, आपण कमी सोसतोय. म्हणून देव हिशेब पुरा धरत नाही. मग ती मुद्दाम जिथे तिला होतं तिथे जायला लागली. रेशनच्या रांगेत मधोमध उभी राहायची. बसमध्ये दार सोडून पार पुढे, माणसांच्या काखेत जाऊन उभी राहायची. येऊ दे, सगळं माझ्यावर येऊ दे. वजन उतरलं, डोळे खोल गेले. गाळ्यात तार तुटायला लागली. धाकू ड्युटीवरून आला की दोघींकडे आळीपाळीने बघायचा.

"एका खोलीत दोन पित्ता. माका झोपाक जागा खंय?" म्हणायचा. पण हसायचा नाही.

आणि कमल! ती का गप्प बसतेय? नळावर एवढ्या बायकांत म्हणाली, "खाण तशी माती गं प्रेमा. आईचं पित्त लेकीने घेतलं."

"तुझी जीभ तुझ्या लेकीने नाही घेतली, हे तिच्या सासूचं नशीब," प्रेमा फाडकन म्हणाली. बायका हसल्या. पण कळशी डोक्यावर चढवायला प्रेमाचा हात उचलेना. कमल गंमत करत होती हो. तिला काय माहीत आपण कुठे बोट ठेवलं ते! शेवटी कमलनेच कळशी उचलून दारापर्यंत आणून दिली.

मग वाडीतल्या डॉक्टरांनी सुलक्षणाला म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात, मनाच्या डॉक्टरकडे दाखवायला सांगितलं. धाकू म्हणाला, "येड्यांचो डाक्टर? अगो, उद्या चेडवाचा लगीन करूचा हा!"

"बाबा, वेडी ठरले तर ठरले," सुलक्षणा म्हणाली. "मला बोर्डावर बसायचंय."

प्रेमा बरोबर गेली. रिक्षात दोघींनाही कडेला बसायचं होतं, वारा लागायला. एक या दाराशी, एक त्या दाराशी, मधे जागा रिकामी. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "भांडण झाला काय?" म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. अनुपमा नाव. चष्मा, केस कसेतरी बांधलेले, टेबलावर चहा, त्यावर साय धरलेली. दाराबाहेर हीऽऽ रांग. तीसुद्धा दमलेलीच होती, पण ऐकत होती. सुलक्षणाचं सगळं ऐकलं, मग म्हणाली, "याला पॅनिक म्हणतात. वेड नाही, हार्ट नाही. शरीराची धोक्याची घंटा उगाचच वाजते. आग नसताना बंब निघतो तसं. घरात आणखी कुणाला असं होतं?"

"नाही," प्रेमा झटकन म्हणाली.

"आजी? मावशी?"

"माझ्या आईच्या अंगात यायचं वारं. ते वेगळं."

"वारं आलं की काय व्हायचं?"

प्रेमा सांगायला लागली. छाती, घाम, श्वास. सांगता सांगता गप्प झाली. डॉक्टरीण लिहायची थांबली होती.

"आणि तुम्हाला?"

"आईला पित्त आहे," सुलक्षणा म्हणाली.

"पित्त बसमध्ये होतं का?" डॉक्टरीण म्हणाली. "मगापासून बघतेय, तुम्ही खुर्ची दाराला चिकटवून बसलायत."

सुलक्षणाने आईकडे वळून पाहिलं. किती वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. "साकीनाका," ती हळूच म्हणाली. "आई, तू साकीनाक्याला उतरतेस."

मग लपवायला काही राहिलं नाही. प्रेमाने सगळं ओकलं. दगड, नारळ, दिलेला शब्द, चॉकलेटी गोळी, वडा, गटार. रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. भांडी घासल्याचा हिशेब द्यावा तशा आवाजात सांगत गेली. "माझ्यातून घालवलं म्हणून हिच्यात गेलं," म्हणाली. "मी परत घ्यायला बघते, पण येत नाही सगळं."

डॉक्टरणीने चष्मा काढून डोळे चोळले.

"प्रेमाबाई, तुमचे डोळे घारे आहेत."

"हां."

"हिचेही घारे. आता तुम्ही डोळे मिटून बसलात, तर हिचे काळे होतील?"

"असं कसं होईल?"

"मग हेही तसंच. हे काही रॉकेलचा डबा नाही, एकीने उचलला की दुसरी मोकळी. हिला जे मिळालं ते तुमच्या पोटात असतानाच मिळालं. तुम्ही दगडाशी गेलात त्याच्या आधी. गोळी घेतली नसती तरी हिला व्हायचं ते झालं असतं."

"म्हणजे माझ्याकडूनच."

"तुमच्या आईकडून, तिच्या आईकडून. आणि मिळतं तेही दुखणं नाही, नुसता कल मिळतो. डोळ्यांइतकं पक्कं नसतं ते. तुमच्या भावाला आहे?"

"तो? तो ढोलकी वाजवली तरी उठत नाही."

"बघा. एकाच आईची दोन मुलं. कुणाला येतं, कुणाला येत नाही. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही." तिने गार चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "पण एक सांगा. त्या गोळीने तुम्हाला बरं वाटलं होतं ना?"

"खूप," प्रेमा म्हणाली. चोरी पकडल्यासारखी म्हणाली.

"हे आधी सांगायला हवं होतं हो! रक्ताच्या माणसाला जे लागू पडतं ते पुष्कळदा दुसऱ्यालाही लागू पडतं. मी हिला कुठलं औषध द्यावं याच विचारात होते. आणि तुम्ही एकदम बंद केलंत ते चुकलं. आता दोघींनाही देते. दोघींनी घ्यायचं. कळलं?"

परत येताना सुलक्षणा रिक्षात मधे सरकून बसली. रिक्षा असल्फाला आली. मग म्हणाली, "आई, तू म्हणजे ना... बावीस वर्षं? यार, मला विचारायचंस तरी!"

"काय विचारणार? बारा दिवसांची होतीस."

पोरीला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

आता वाटेल की गोळी घेतली आणि गोष्ट संपली. गोळी घेणं काय कठीण आहे? पाणी प्यायलं की गेली खाली. प्रेमाला कठीण गेलं ते पुढचंच. रोज घेताना तिचा हात आखडायचा. घेतली की पोरीच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. डॉक्टरीण म्हणाली ते डोक्याला पटलं होतं, पण बावीस वर्षांचा शब्द काही डोक्यात राहत नाही, तो हाडात उतरलेला असतो. हळूहळू दोघींचंही ओसरायला लागलं. आधी आईचं, मग लेकीचं. जागा जायच्या आत सुलक्षणा बोर्डावर परत गेली. पहिले काही दिवस धाकू तिला अंधेरीपर्यंत सोडायला जायचा, युनिफॉर्म घालून. ऑफिसातले लोक त्याला सलाम करायचे.

आणि मग एका रविवारी दुपारी सुलक्षणा कोळंबी सोलत बसली होती आणि तिला आलं. अचानक, पुन्हा, पहिल्यासारखं जोरात. ताट बाजूला सारलं, भिंतीला पाठ लावली, तोंड उघडं.

प्रेमा धावली. तिचा हात धरला. पोरीचा हात थरथरत होता, गारठला होता. प्रेमाचा हात कोरडा होता, उबदार होता. ती अगदी ठणठणीत होती, आणि तेच तिला सहन होईना. नजर फळीवर गेली. गोळ्यांचं पाकीट तिथेच होतं, आणि खिडकीखाली गटार.

सुलक्षणाने ती नजर पाहिली. श्वास पुरत नव्हता, तरी तेवढ्यातून म्हणाली, "आई... टाकशील... तर बघ."

"नाही गं."

"शपथ... घे."

"शपथा-बिपथा आता पुरे झाल्या. नाही टाकत म्हटलं ना."

प्रेमा उठली नाही. काही मागितलं नाही, काही देऊ केलं नाही. "जाईल," एवढंच म्हणत राहिली. "मला माहीत आहे कसं वाटतं. मरत नाही त्याने माणूस. मी कितीदा मेले, आहे ना अजून?" पोरीच्या घामाचे थेंब तिच्या मनगटावर पडत होते आणि तिच्या स्वतःच्या छातीत काहीच होत नव्हतं. बसून राहणं एवढंच काम. त्या कामाने तिला जेवढं थकवलं तेवढं मरोळच्या वाटेनेही कधी थकवलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने सुलक्षणाचा श्वास लांब झाला. तिने कोळंबीचं ताट पुढे ओढलं.

"दमलीस काय?" तिने आईला विचारलं.

"दमले गं."

"मग पड ना जरा. मी आहे."

पोर अजून पुरती सावरली नव्हती. आधीची प्रेमा असती तर डोळ्याला डोळा लावला नसता. पण ती तिथेच, फरशीवर, उशाला हात घेऊन आडवी झाली, आणि बघता बघता झोपली. धाकू आला तेव्हा ती घोरत होती.

"ही दिवसाची झोपता?" तो दारातच थबकला. "बरा नाय काय हिका?"

"बरं आहे, बाबा," सुलक्षणा म्हणाली. "हळू बोला."